कॉलेज फुटबॉल: प्लेऑफ हवेच, पण पहिल्या चार संघांना घरचे मैदान द्या

महोदय,

अमेरिकी कॉलेज फुटबॉलवर आपल्या क्रीडा पानावर आलेल्या मजकुराचा सूर असा होता की, प्लेऑफ, म्हणजे हंगामाअखेरचे बाद सामने, आले आणि हंगामाची गोडी गेली; त्यापेक्षा पूर्वीसारखे मतदानाने विजेता ठरवणे बरे. हे मत मला अजिबात पटत नाही. प्लेऑफ हवेच. मात्र आज ते ज्या पद्धतीने खेळवले जाते त्यात एक ढळढळीत चूक आहे आणि तिची चर्चा फार कमी होते. हंगामभर सर्वोत्तम खेळलेल्या पहिल्या चार संघांना प्लेऑफचा एकही सामना घरच्या मैदानावर मिळत नाही. आठव्या मानांकित संघाला मिळतो, पहिल्याला नाही. संघ बारा असावेत, सोळा की चोवीस, यावर तिकडे रोज वाद झडतात. त्याआधी ही चूक दुरुस्त व्हायला हवी.

ज्यांची मुले शिकायला टेक्सास ए अँड एम, परड्यू किंवा ॲरिझोना स्टेटला गेली आहेत, त्यांना शनिवारच्या या सामन्यांचे वेड माहीत असेल. इतरांसाठी थोडक्यात सांगतो. कॉलेज फुटबॉलच्या सर्वोच्च विभागात २०२५ मध्ये १३६ संघ होते. प्रत्येकाच्या वाट्याला नियमित हंगामाचे फक्त १२ सामने येतात आणि त्यातले आठ-नऊ स्वतःच्या कॉन्फरन्समधले, म्हणजे त्या त्या विद्यापीठगटातले असतात. उरलेल्या १३५ संघांपैकी एखादा संघ जास्तीत जास्त १२ जणांशी खेळतो. नऊ टक्केही नाही. अशा स्थितीत सगळ्यांचा एकच गुणतक्ता करता येत नाही. बिग टेनमध्ये तर १८ संघ आणि नऊ सामने आहेत, त्यामुळे एकाच कॉन्फरन्समधले दोन संघही कित्येकदा समोरासमोर येत नाहीत. मग कोण श्रेष्ठ हे ठरवायचे दोनच मार्ग उरतात: कुणाचे तरी मत घ्यायचे, नाहीतर सामने खेळवायचे.

मताचा मार्ग अनेक दशके चालवून पाहिला गेला. असोसिएटेड प्रेसची पत्रकारांची क्रमवारी १९३६ पासूनची, प्रशिक्षकांची १९५० पासूनची. दोन्ही क्रमवाऱ्यांत वेगवेगळे संघ पहिले आले की दोन विजेते व्हायचे. १९९०, १९९१ आणि १९९७ मध्ये तसेच झाले. १९९७ चे उदाहरण बोलके आहे. मिशिगन आणि नेब्रास्का दोघेही अपराजित होते, पण बिग टेनच्या विजेत्याने रोझ बाऊल या हंगामाअखेरच्या निमंत्रितांच्या सामन्यातच खेळायचे असा करार असल्याने मिशिगन पासाडेनाला गेले आणि नेब्रास्का मायामीला ऑरेंज बाऊल खेळले. पत्रकारांनी मिशिगनला विजेते म्हटले, प्रशिक्षकांनी नेब्रास्काला. त्याआधी १९८४ मध्ये ब्रिगहॅम यंग विद्यापीठ १३ पैकी १३ सामने जिंकून विजेते ठरले, पण त्यांच्या शेवटच्या सामन्यातला प्रतिस्पर्धी होता त्या वर्षी निम्मेच सामने जिंकलेला मिशिगन. त्यांच्या कॉन्फरन्सचा विजेता हॉलिडे बाऊलला बांधलेला होता, म्हणून तगडा प्रतिस्पर्धी मिळालाच नाही. खेळाडूंचा यात काडीचाही दोष नव्हता.

१९९८ पासून बीसीएस नावाची पद्धत आली. मतदान आणि संगणकाचे गणित एकत्र करून पहिले दोन संघ काढायचे आणि त्यांचा एकच अंतिम सामना खेळवायचा. २००३ मध्ये ओक्लाहोमा आपल्या कॉन्फरन्सच्या अंतिम सामन्यात कॅन्सस स्टेटकडून ३५-७ असे चिरडले गेले, तरीही गणितात पहिले राहिले. दोन्ही मतदानांत पहिला असलेला सदर्न कॅलिफोर्नियाचा संघ गणितात तिसरा आला आणि बाहेर बसला. ओक्लाहोमाला हरवून लुइझियाना स्टेटने (एलएसयू) बीसीएसचे विजेतेपद घेतले, पत्रकारांनी सदर्न कॅलिफोर्नियाला विजेते ठरवले. पुढच्याच वर्षी ऑबर्न सगळे सामने जिंकूनही तिसरे राहिले, कारण मोठ्या कॉन्फरन्समधलेच अपराजित संघ तीन होते आणि जागा दोन.

२०१४ च्या हंगामापासून चार संघांचे प्लेऑफ आले, पण मोठ्या कॉन्फरन्स पाच होत्या. पाच विजेते आणि चार जागा. एकाला बाहेर ठेवणे पद्धतीतच लिहिलेले होते. २०२३ मध्ये फ्लोरिडा स्टेट १३-० असे अपराजित राहून कॉन्फरन्स जिंकले. त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रे सांभाळणारा खेळाडू, जॉर्डन ट्रॅव्हिस नोव्हेंबरमध्ये जायबंदी झाला होता. त्याच्याशिवाय हा संघ तेवढा चांगला नाही, असे म्हणत निवड समितीने एक सामना हरलेल्या अलाबामाला चौथी जागा दिली. समितीच्या निकषांत महत्त्वाच्या खेळाडूची दुखापत विचारात घेण्याची मुभा आहे, म्हणजे नियम मोडला गेला नाही. नियमच चुकीचा आहे. त्याच्याविना जे सामने संघाने जिंकले ते मैदानात जिंकले होते. पुढचे हरेल हा अंदाज होता. नंतर ऑरेंज बाऊलमध्ये जॉर्जियाने त्यांना ६३-३ असे हरवले, याचा दाखला समितीचे समर्थक देतात. पण वीसहून अधिक खेळाडू त्या सामन्यात उतरलेच नव्हते. विजेतेपदाची संधी गेल्यावर व्यावसायिक फुटबॉलमध्ये जाऊ पाहणारा मुलगा गुडघा पणाला कशासाठी लावेल?

म्हणून २०२४ पासूनचे बारा संघांचे प्लेऑफ मला योग्य वाटते. त्याने काय सिद्ध केले ते पाहा. पहिल्याच वर्षी आठव्या मानांकित ओहायो स्टेटने विजेतेपद मिळवले आणि अंतिम सामन्यात त्यांच्यासमोर सातव्या मानांकित नोटर डेमचा संघ होता. दुसऱ्या वर्षी दहाव्या मानांकित मायामीने सातव्या, दुसऱ्या आणि सहाव्या मानांकित संघांना ओळीने हरवले आणि अंतिम सामना इंडियानाकडून केवळ सहा गुणांनी गमावला. मतदानाच्या जमान्यात या संघांना नववर्षाच्या सुमारास एखादा शोभेचा सामना मिळाला असता आणि आपण पहिल्या दोघांत नव्हतो हे त्यांनी मुकाट्याने मान्य केले असते. इंडियानाने तर १६ पैकी १६ सामने जिंकले. १८९४ च्या येलनंतर इतके निर्भेळ यश कुणाला मिळाले नव्हते. या विजेतेपदाबद्दल आज कोणताही दुसरा संघ दावा सांगू शकत नाही. प्लेऑफ हवे ते याचसाठी.

आता मूळ मुद्दा. बारा संघांत पहिल्या चौघांना पहिल्या फेरीत पुढे चाल मिळते. पाच ते आठ क्रमांकाचे संघ पहिली फेरी आपल्या विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये खेळतात. उपांत्यपूर्व आणि उपांत्य सामने मात्र रोझ, शुगर, ऑरेंज, कॉटन, पीच आणि फिएस्टा या सहा बाऊलमध्ये, म्हणजे तटस्थ शहरांत होतात. परिणाम असा की, इंडियाना अव्वल मानांकित असूनही पासाडेना, अटलांटा आणि मायामी अशी फिरले. अंतिम सामन्याचे ठिकाण आधीच ठरलेले होते आणि ते नेमके मायामीच्या संघाचे नेहमीचे मैदान निघाले. दहाव्या मानांकिताला विजेतेपदाचा सामना घरी मिळाला आणि पहिल्या मानांकिताने ब्लूमिंग्टनमध्ये, म्हणजे आपल्या गावी, प्लेऑफचा एकही चेंडू फेकला नाही.

पुढे चाल मिळणे हे बक्षीस समजले जाते. दोन हंगामांत अशी चाल मिळालेल्या आठ संघांपैकी सात संघ पहिल्याच सामन्यात हरले. २०२४ मध्ये ओरेगन, जॉर्जिया, बॉइसी स्टेट आणि ॲरिझोना स्टेट हे चारही संघ बाहेर पडले; २०२५ मध्ये एकटे इंडियाना तरले. पहिल्या वर्षी मानांकनाच्या नियमाचाही यात हात होता: चारही जागा कॉन्फरन्स विजेत्यांना राखून ठेवल्यामुळे क्रमवारीत बारावे असलेले ॲरिझोना स्टेट चौथे मानांकित झाले. तो नियम २०२५ मध्ये काढला, मानांकन सरळ क्रमवारीप्रमाणे दिले, तरी चारपैकी तीन हरलेच. खरे कारण वेळापत्रकात आहे. कॉन्फरन्सचे अंतिम सामने ६ डिसेंबरला संपले आणि उपांत्यपूर्व फेरी ३१ डिसेंबर व १ जानेवारीला झाली. म्हणजे २५ दिवस सामना नाही. समोरचा संघ दहा-बारा दिवसांपूर्वी एक खरा, चुरशीचा सामना खेळून आलेला असतो. फुटबॉलमध्ये चेंडू पुढे सरकवण्याचा प्रत्येक डाव सेकंदाच्या अंशावर बेतलेला असतो: सेंटरने चेंडू मागे देण्याचा क्षण, क्वार्टरबॅकची पावले, रिसीव्हरचे वळण. सरावात आपल्याच खेळाडूंना पूर्ण जोराने पाडता येत नाही, त्यामुळे अंगाला अंग भिडण्याची सवय सुटते. पाडायला आलेल्याच्या हातातून प्रतिस्पर्धी निसटू लागले की समजावे, संघाला सामन्याची सवय राहिलेली नाही. ओहायो स्टेटविरुद्ध पूर्वार्धातच ३४-० असे मागे पडलेल्या ओरेगनकडे पाहून हे स्पष्ट दिसत होते.

उपाय अवघड नाही. उपांत्यपूर्व फेरीही वरच्या मानांकित संघाच्या मैदानावर खेळवा. स्टेडियम लहान पडेल ही शंका व्यर्थ आहे. ओहायो स्टेट, पेन स्टेट, मिशिगन यांच्या स्टेडियममध्ये लाखाहून अधिक प्रेक्षक बसतात. रोझ बाऊलची क्षमता नव्वद हजारांच्या आसपास आहे. आणि ही कल्पना नवीही नाही. याच खेळाच्या खालच्या विभागात, ज्याला एफसीएस म्हणतात, १९७८ पासून प्लेऑफ आहे आणि तिथे उपांत्य फेरीपर्यंतचे सामने विद्यापीठांच्याच मैदानांवर होतात. आपल्याकडेही हंगामातली कामगिरी ठिकाणात दिसते: २०२५ मध्ये गटसाखळीत सर्वाधिक गुण मिळवणाऱ्या विदर्भाने रणजी करंडकाची उपांत्य आणि अंतिम लढत नागपूरलाच खेळली.

घरच्या मैदानाचा फायदा किती? २०२४ च्या पहिल्या फेरीत चारही यजमान जिंकले, तेही किमान दहा गुणांनी. गोठवणाऱ्या थंडीत ओहायो स्टेटच्या कोलंबसला आलेल्या टेनेसीने ४२-१७ असा मार खाल्ला. २०२५ मध्ये मात्र मायामीने टेक्सास ए अँड एमला आणि अलाबामाने ओक्लाहोमाला त्यांच्याच घरी हरवले. फायदा आहे, पण निकाल आधीच लागावा इतका नाही. हंगामाच्या बक्षिसाचे वजन नेमके एवढेच असावे. ज्यांना वाटते की प्लेऑफमुळे नियमित हंगामाला अर्थ उरला नाही, त्यांच्या तक्रारीत तथ्य आहे: २०२४ मध्ये ओहायो स्टेट घरच्या मैदानावर मिशिगनकडून १३-१० असे हरले, तेही त्या हंगामात आधीच पाच सामने गमावलेल्या मिशिगनकडून, आणि तरीही विजेते झाले. या पराभवाची किंमत त्यांना पुरेशी मोजावी लागली नाही. उपांत्यपूर्व सामना ओरेगनच्या युजीनमध्ये झाला असता, तर ती मोजावी लागली असती. मिशिगनने पाडलेला तो डाग दोन फेऱ्या पुढे जाणवला असता.

प्रेक्षकांचाही विचार करा. त्या वर्षी ओहायो स्टेटच्या पाठीराख्याला कोलंबसचा सामना झाल्यावर महिन्याभरात कॅलिफोर्निया, टेक्सास आणि जॉर्जिया असा प्रवास करावा लागला असता. विमान, हॉटेल, तिकीट मिळून विद्यार्थ्याला हे झेपणारे नाही. विद्यापीठाच्या खेळात विद्यार्थीच स्टेडियमबाहेर, ही गोष्ट मला फार खुपते.

वेळापत्रकासाठी जागा हवी असेल तर कॉन्फरन्सचे अंतिम सामने बंद करावेत. हे वाचून दक्षिणेकडची मंडळी रागावतील, कारण एसईसी या त्यांच्या कॉन्फरन्सने १९९२ मध्ये सुरू केलेला हा सामना त्यांचा मोठा उत्सव आहे. पण २०२५ मध्ये या सामन्यांनी काय साधले? बिग ट्वेल्व्हमध्ये टेक्सास टेकने ब्रिगहॅम यंगला नोव्हेंबरमध्ये २९-७ असे हरवलेच होते; अंतिम सामन्यात पुन्हा ३४-७ असे हरवले आणि त्या दुसऱ्या पराभवाने ब्रिगहॅम यंगच्या आशा संपल्या. एसईसीच्या अंतिम सामन्यात जॉर्जियाकडून २८-७ असे हरूनही अलाबामा नवव्या क्रमांकावरून हलले नाही. एसीसी या कॉन्फरन्समध्ये तर कहर झाला. व्हर्जिनिया ७-१ (सात विजय, एक पराभव) असे निर्विवाद पहिले होते. ६-२ अशा स्थितीत पाच संघ बरोबरीत आले: ड्यूक, मायामी, पिट्सबर्ग, जॉर्जिया टेक आणि एसएमयू. या पाचांचे आपसातले सामने पूर्ण झालेले नव्हते, म्हणून ज्याच्या प्रतिस्पर्ध्यांची जिंकण्याची टक्केवारी जास्त तो पुढे, या नियमाने ड्यूक अंतिम सामन्यात गेले. ते जिंकलेही. पण एकूण पाच सामने हरलेल्या या विजेत्यापेक्षा लहान कॉन्फरन्सचे तुलेन आणि जेम्स मॅडिसन क्रमवारीत वर असल्याने ड्यूक प्लेऑफबाहेर राहिले. अंतिम सामन्यालाही न पोहोचलेले मायामी त्याच कॉन्फरन्समधून राष्ट्रीय अंतिम फेरीपर्यंत गेले.

हे सामने काढले की दिनदर्शिका सुटसुटीत होते. थँक्सगिव्हिंगच्या शनिवारी मिशिगन-ओहायो स्टेटसारख्या जुन्या वैऱ्यांच्या लढती होऊन नियमित हंगाम संपेल. डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी पहिली फेरी. दुसऱ्या शुक्रवार-शनिवारी उपांत्यपूर्व, लष्कर आणि नौदल अकादमींच्या आर्मी-नेव्ही सामन्याची दुपार मोकळी सोडून. १ जानेवारीला दोन्ही उपांत्य सामने, दुपारी पासाडेनात आणि रात्री न्यू ऑर्लिन्समध्ये. आठवडाभराने अंतिम. यातून चार गोष्टी साधतात. पुढे चाल मिळालेला संघ फार तर दोन आठवडे रिकामा राहतो. मोठी विश्रांती येते ती उपांत्य फेरीआधी, चारही संघांना सारखी. व्यावसायिक लीगशी टक्कर टळते: १९६१ च्या प्रसारण कायद्यामुळे एनएफएल डिसेंबरच्या मध्यापर्यंत शनिवारी सामने दाखवत नाही, त्यानंतर दाखवते, आणि २०२४ मध्ये पहिल्या फेरीचे दोन सामने त्यांच्यासमोर झाकोळले. चौथे, खेळाडूंचे सामने मर्यादेत राहतात. आज कॉन्फरन्सचा अंतिम सामना आणि प्लेऑफच्या चारही फेऱ्या खेळणाऱ्या विद्यार्थ्याचे १७ सामने होतात, म्हणजे व्यावसायिकाच्या नियमित हंगामाएवढे. नव्या आखणीत १६ च्या वर जाणार नाहीत. काही विद्यापीठांच्या सत्र परीक्षा दुसऱ्या आठवड्यात येतात ही अडचण खरी आहे. पण निदान निम्म्या संघांना प्रवास पडणार नाही.

अंतिम सामना जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात संपण्याला आणखी एक कारण आहे. विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंना नव्या सत्राआधी प्रवेश घ्यावा लागतो. म्हणून बदलीची मुदत प्लेऑफच्या मध्येच येते. २०२४ मध्ये ती डिसेंबरमध्ये होती आणि पेन स्टेटचा राखीव क्वार्टरबॅक प्लेऑफ सुरू होण्याआधीच संघ सोडून गेला. २०२५ मध्ये ओले मिसचे (मिसिसिपी विद्यापीठ) मुख्य प्रशिक्षक लेन किफिन ११-१ अशा कामगिरीनंतर, प्लेऑफच्या तोंडावर एलएसयूकडे गेले. स्पर्धा २० जानेवारीपर्यंत ताणली की असे होणारच.

निवड समितीबद्दल दोन बदल सुचवतो. पहिला, नोव्हेंबरपासून दर मंगळवारी जाहीर होणारी क्रमवारी बंद करा, एकदाच शेवटी यादी द्या. समितीची पद्धत अशी आहे: प्रत्येक सदस्य सहा संघ निवडतो, सर्वाधिक मते मिळालेल्या सहांना क्रम लावला जातो, वरचे तीन पक्के होतात आणि खालचे तीन पुढच्या गटात जातात. या टप्प्याटप्प्याच्या रचनेत दोन संघ शेजारी आले तरच त्यांच्या परस्पर निकालाला वजन येते. २०२५ मध्ये मायामीने नोटर डेमला हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात २७-२४ असे हरवले होते. दोघांचीही कामगिरी १०-२. तरी प्रत्येक मंगळवारी नोटर डेम वर राहिले. शेवटच्या शनिवारी दोघेही खेळले नाहीत. मधले ब्रिगहॅम यंग हरून खाली गेले, दोघे शेजारी आले आणि रविवारी एकाएकी मायामी वर गेले. निर्णय योग्य होता, पण तो पहिल्याच मंगळवारी व्हायला हवा होता. महिनाभर आत असल्याचे सांगून शेवटच्या क्षणी बाहेर काढल्यावर नोटर डेमच्या मुलांनी बाऊल सामनाच नाकारला, याचे नवल वाटत नाही. दुसरा बदल: पराभवांची संख्या सारखी असेल तर परस्पर निकाल आधी पाहायचा आणि दुखापतीचा निकष पुसून टाकायचा.

संघ चोवीस करा या मागणीला मात्र माझा ठाम विरोध आहे. तेविसाव्या क्रमांकाच्या संघाने हंगामात तीन-चार सामने गमावलेले असतात, त्याला आणखी एक संधी देण्याने कोणाचा अन्याय दूर होतो? लहान कॉन्फरन्सच्या विजेत्यांना वगळा ही दुसरी मागणीही मान्य होण्यासारखी नाही. तुलेन ४१-१० आणि जेम्स मॅडिसन ५१-३४ असे हरले म्हणून नाके मुरडली गेली. त्याच स्पर्धेत अलाबामा ३८-३ असे हरले, त्यांच्या जागेबद्दल कुणी ब्र काढला नाही. १३६ संघांच्या विभागात नाव घालायचे आणि विजेतेपदाची वाट बंद ठेवायची, हे चालणार नाही.

उपांत्यपूर्व फेरी विद्यापीठांत नेण्याच्या आड आहेत ते बाऊलशी केलेले करार आणि त्यामागचा पैसा. प्रक्षेपणाचे हक्क ईएसपीएनकडे वर्षाला सुमारे १.३ अब्ज डॉलरला आहेत आणि २०२६ पासूनच्या वाटपात बिग टेन आणि एसईसी या दोघांकडे प्रत्येकी २९ टक्के जातात. स्पर्धेच्या रचनेतही याच दोघांचा शब्द चालतो. विशेष म्हणजे पहिल्या चार मानांकनांत बहुतेक वेळा यांचेच संघ असतात, म्हणजे घरच्या मैदानाचा सर्वाधिक लाभ यांनाच होईल. चोवीस संघांच्या चर्चेत जेवढ्या बैठका गेल्या, त्यातली एक या प्रश्नाला दिली, तरी पुढच्या करारात उपांत्यपूर्व फेरीचे चार सामने ब्लूमिंग्टन, कोलंबस, अथेन्स किंवा लबकसारख्या विद्यापीठांच्या गावांत जाऊ शकतील.

आपला,
एक वाचक, शिकागो